दहा नंबरचा पाना

खाटेवर जुनं धोतर पसरून सत्यवतीबाई मुगाच्या वड्या घालत होत्या. आठवी ओळ निम्मी झाली होती आणि पातेल्यात निम्म्याहून जास्त वाटण शिल्लक होतं, तेवढ्यात गल्लीच्या टोकाच्या राममंदिरात नैवेद्याची घंटा वाजली. हातातली वडी त्यांनी धोतरावर सोडली, साबणानं दोनदा हात धुतले, पदराला न पुसता उन्हात धरून वाळवले, आणि देवघरातून पाना आणला.

पाना म्हणजे नट फिरवायचा, दहा नंबरचा, सायकलच्या दुकानात असतो तोच. गेले चोवीस दिवस तो बाळकृष्णाशेजारी एका पितळी ताटलीत राहत होता. या चोवीस दिवसांत तो दुसऱ्या कुठल्याही कामाला लागला नव्हता. पलंगाचा बोल्ट ढिला झाला तेव्हा नणंदबाईंनी, प्रयागबाईंनी, मागून पाहिला. सत्यवतीबाई म्हणाल्या, पलंग करकरू द्या.

अंगणात उन्हाला त्यांचे यजमान नत्थूजी डावा पाय स्टुलावर टाकून बसले होते. गुडघ्याखालून घोट्यापर्यंत त्या पायाभोवती स्टीलच्या चार कड्या होत्या. कड्यांना ताणून बसवलेल्या बारीक तारा एका बाजूनं कातडीत शिरून, हाडातून आरपार, दुसऱ्या बाजूला निघाल्या होत्या. वरच्या कड्या आणि खालच्या कड्या यांच्यामध्ये आटे पाडलेले चार उभे दांडे, दोन पायाच्या आतल्या अंगाला, दोन बाहेरच्या. प्रत्येक दांड्यावर एक नट. तो दिवसातून चार वेळा पाव-पाव फेरी फिरवायचा. तेवढ्यानं कड्या केसभर दूर सरकायच्या, कड्यांबरोबर तारा, आणि तारांबरोबर हाड.

कुठला नट फिरवला आणि कुठला राहिला याचा घोळ होऊ नये म्हणून सत्यवतीबाईंनी प्रत्येक नटाच्या एका कोपऱ्याला कुंकवाचा ठिपका दिला होता. काकड आरतीच्या फेरीनंतर चारही ठिपके समोर यायचे, नैवेद्याला उजवीकडे, दिवेलागणीला मागे, शेजारतीला डावीकडे. देवाचे चार प्रहर तेच पायाचे. डॉक्टरांनाही ही व्यवस्था पसंत पडली होती.

त्या खाली बसल्या, पाना लावायला पुढे झाल्या आणि थांबल्या. ठिपके चारही समोर होते, जसे असायला हवे तसे. पण बाहेरच्या अंगाच्या दोन नटांचं कुंकू पसरलं होतं. लाल ठिपक्याभोवती काळपट ओल होती. त्यांनी बोट लावलं, नाकाशी नेलं. सायकलचं तेल.

रात्रीची आणि पहाटेची फेरी त्या कंदिलाच्या उजेडात करत असत, म्हणून तेव्हा दिसलं नव्हतं. काल संध्याकाळची फेरी त्यांनी टेकडीच्या गणपतीहून आल्यावर घाईघाईत केली होती, संकष्टी होती म्हणून. म्हणजे जे झालं ते काल दुपारी, त्या घरात नसताना.

"तेल कोनी टाकलं?" त्यांनी विचारलं.

नत्थूजी आभाळाकडे पाहू लागले. थंडीनं नट जाम होतात, म्हणाले, एक थेंब टाकला.

"मंग चारी नटांले पायजे होता. दोनालेच काहून?"

नत्थूजी मोहल्ल्यातले नावाजलेले कारागीर. बडकस चौकाजवळ त्यांचं सायकलचं दुकान. चाक डुलायला लागलं की महाल भागातले लोक म्हणतात, चाक आऊट झालं, आणि आऊट काढायला नत्थूजींकडेच जावं. इतवारीतून, सक्करदऱ्यातून माणसं चाक खांद्याला अडकवून यायची. नत्थूजी चाक फिरवून डोळा बारीक करून पाहायचे, एकेक तार बोटानं छेडायचे, आणि जिचा आवाज मंद तिला पाव फेरी, अर्धी फेरी देत देत चाक असं सरळ करायचे की फिरताना थांबल्यासारखं दिसे. आणि नट म्हटला की आधी तेलाचा थेंब. तीस वर्षांत बिनतेलाचा नट त्यांनी फिरवला नव्हता.

म्हणून सत्यवतीबाईंना पुढचं सांगावं लागलंच नाही. तरी त्यांना ते यजमानांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

"पाय आऊट होऊन राहिला होता," नत्थूजी अखेर म्हणाले. "तुले नाई दिसत, मले दिसते. पंजा बाहेर चालला. काल तू टेकडीले गेली तवा बाहेरच्या नटांले दोन-दोन फेऱ्या देल्ल्या. पुऱ्या दोन. म्हनून तुहा ठिपका जागच्या जागी हाय."

आपली हुशारी सांगताना त्यांचा आवाज जरासा उजळला, तेच सत्यवतीबाईंना फार लागलं. देवघरातल्या पान्याला नत्थूजींनी हात लावला नव्हता. दुकानातला जुना पाना त्यांच्या गादीखाली होता. सत्यवतीबाईंनी हात पुढे केला. तो नत्थूजींनी काढून दिला.

पुऱ्या दोन फेऱ्या म्हणजे दोन दिवसांचं काम एका घटकेत, आणि तेही एकाच बाजूला.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी, शहाऐंशी साली, लोखंडी सळ्यांनी भरलेला एक ठेला केळीबागेच्या रस्त्यावर उतारावरून सुटला आणि रस्त्यात सायकल तपासत बसलेल्या नत्थूजींच्या नडगीवर आला. हाड कातडी फाडून बाहेर आलं. त्यात माती गेली, पू झाला. प्लास्टर झालं, पट्टी झाली, तीन वेळा चिरफाड झाली. हाड काही जुळलं नाही. शेवटी मोठ्या इस्पितळात सांगितलं की, गुडघ्याखाली पाय काढून टाका आणि नकली पाय बसवा, माणूस त्यावरही चालतो. सगळ्यांना ते पटलं होतं. प्रयागबाई म्हणाल्या, सडकं ठेवून काय करायचं. नत्थूजीसुद्धा भिंतीकडे तोंड करून हो म्हणाले होते. पण ते उकिडवं बसून काम करणारे कारागीर. नकली पायानं उकिडवं बसता येतं का, हे त्यांनी एकदाच विचारलं होतं, आणि उत्तर ऐकल्यावर पुन्हा दुकानाचं नाव काढलं नव्हतं.

धंतोलीच्या डॉक्टर शरच्चंद्र घाट्यांचं नाव सत्यवतीबाईंना देवळात एका बाईनं सांगितलं. रशियातली नवी पद्धत शिकून आलेत म्हणे. त्या एकट्याच जाऊन भेटल्या. डॉक्टरांनी कागदावर पेन्सिलीनं हाड काढून दाखवलं. खालचं सडलेलं दोन इंच हाड काढून टाकायचं आणि टोकं जुळवायची, म्हणजे पाय दोन इंच आखूड होईल. मग वर, गुडघ्याखाली, चांगलं हाड मुद्दाम कापायचं. सात दिवसांत त्या कापात कोवळं काहीतरी धरतं. ते घट्ट होण्याआधी हळूहळू ताणायचं. ताणलं की शरीर मध्ये नवीन हाड भरत जातं, जितकं ताणाल तितकं. पण दिवसाला एक मिलिमीटर. जास्त ओढलं तर ते तुटतं आणि नसा ताणल्या जातात. कमी ओढलं तर वेळेआधीच घट्ट बसतं.

आणि डॉक्टर स्पष्टच बोलले होते, ही शेवटची खेप. यातही हाड भरलं नाही तर पाय काढावा लागेल, आणि मग मी दुसरा उपाय सांगणार नाही.

सत्यवतीबाई सावनेरच्या. सातवीपर्यंत शिकलेल्या. पण डॉक्टरांचं बोलणं त्यांना पुस्तकातून कळलं नाही, वातींतून कळलं. लग्नानंतर चौथ्या वर्षी सासूबाईंनी त्यांच्याकडून लाखवातीचं व्रत करवून घेतलं होतं. वर्षभरात एक लाख वाती, रोजच्या ठरलेल्या, स्वतःच्या हातानं वळलेल्या. एकदा तापामुळे तीन दिवस बुडाले, तेव्हा चौथ्या दिवशी त्यांनी हजारावर वाती वळल्या. सासूबाईंनी त्यातली एक उचलून जरा ओढली, ती मधूनच सुटली. सगळी टोपली त्यांनी पुन्हा पिंजायला लावली होती आणि सांगितलं होतं की, बुडालेलं बुडालं, व्रत तीन दिवस लांबव, पण कापूस ओढू नको. डॉक्टर मिलिमीटरचं सांगत होते तेव्हा सत्यवतीबाईंना ती टोपली आठवली, आणि त्या म्हणाल्या, हे मला जमेल.

तुळशीचं लग्न झाल्यावर ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दिलेला पाना नत्थूजींनी बोटांत फिरवून पाहिला आणि परत केला, ढिला आहे, नटाचे कोपरे झिजवेल. आपल्या दुकानातला सगळ्यात चांगला पाना त्यांनीच काढून बायकोच्या हातात दिला. आणि चोवीस दिवसांनी तेच असं करून बसले होते.

सत्यवतीबाईंनी पाना ताटलीत ठेवला. दुपारची फेरी त्यांनी दिली नाही.

"अंगठा वर करून दाखवा," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी रोज एवढं पाहायला शिकवलं होतं. पायाचा अंगठा वर उचलता आला पाहिजे, नाही आला तर तिथंच थांबायचं.

नत्थूजींनी उचलला. अंगठा हलला, वर आला नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला. मग वाकून हातानं वर करून सोडला, तो पडला. रात्रीपासून बोटांत मुंग्या येऊन राहिल्या होत्या, हे तेव्हा त्यांनी सांगितलं.

"मी उलटं फिरवून देतो," ते म्हणाले. "दोन पुरे सीधे देल्ले, दोन पुरे उलटे. हिसाब साफ. डॉक्टरकडे काहून जायचं?"

उलटं फिरवायला सत्यवतीबाईंनाही येत होतं. पाना तर समोरच होता. घटकाभर त्यांनाही वाटलं की होईल आपल्या घरातच, चारचौघांत यजमानांची मान खाली जायला नको. पण किती उलटं, किती वेळात, एकदम की थोडं थोडं, हे घरात कुणाला ठाऊक होतं?

"चाक बिघडलं तर दुसरं मिळते," त्या म्हणाल्या. "मी रिक्षा पाहून येते."

प्रयागबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. भावाचा पाय त्यांच्याही काळजातला, पण बोलणं तिरकंच. "चोवीस दिवस लोखंडाची पूजा केली वं बाई," त्या म्हणाल्या, "अन् ज्याच्यासाठी केली त्यानंच मूर्ती हालवली." मग खाटेकडे पाहून म्हणाल्या की, संध्याकाळपर्यंत हे वाटण आंबून जाईल.

"आंबू द्या, ताई."

सायकलरिक्षात सत्यवतीबाई खाली पाय ठेवायच्या फळीवर बसल्या आणि कड्यांसकट तो पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतला, म्हणजे धक्का त्यांना बसावा, पायाला नाही. कॉटन मार्केटच्या रस्त्याला संत्र्यांच्या गाड्या लागल्या होत्या. रिक्षावाल्यानं दोनदा मागे वळून विचारलं, पायाला हे काय लावलं म्हणून. एरवी नत्थूजी अशा माणसाला कौतुकानं सांगत, दाखवत. आज ते संत्र्यांकडे पाहत राहिले.

डॉक्टर शरच्चंद्र चाळिशीतले, कमी बोलणारे. त्यांनी आधी अंगठा पाहिला, मग नट, मग नत्थूजींच्या नखांतला काळा रंग. तेल पाहून मात्र ते रागावले. तारांच्या छिद्रांपाशी तेल म्हणजे पुन्हा पू व्हायला आमंत्रण, असं म्हणून त्यांनी स्वतः स्पिरिटनं एकेक दांडा पुसला. मग हाडाचा फोटो काढला आणि दिव्याच्या काचेवर लावला.

सत्यवतीबाई उभ्या राहून पाहत होत्या. कापलेल्या हाडाच्या दोन टोकांमध्ये मोकळी जागा दिसत होती. आतल्या अंगाला त्या जागेत उभ्या, पांढुरक्या, बारीक रेघा उतरल्या होत्या, एकीला एक लागून, जशा पेळूतून निघालेल्या वाती. इतकं कोवळं हाड त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. बाहेरच्या अंगाला मात्र रेघा वरून निघून मध्येच संपल्या होत्या, खालून निघून मध्येच संपल्या होत्या, आणि त्यांच्यात काळी फट होती. ओढून तोडलेला कापूस नेमका असाच दिसतो. डॉक्टरांनी सांगायच्या आधीच त्यांना ते कळलं.

"हे कोणी केलं?" डॉक्टरांनी विचारलं.

नत्थूजी खाली पाहत होते. बायको आपलं नाव घेणार हे धरून चालले होते.

"आमच्या घरात झालं," सत्यवतीबाई म्हणाल्या. "आता काय करायचं ते सांगा."

डॉक्टरांनी पुन्हा एकदा त्या काळ्या नखांकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून नत्थूजींसमोर बसले. "तुमचा डोळा खरा आहे, नत्थूजी. पाय बाहेर चाललाय, मी पुढच्या तपासणीत तेच बघणार होतो. पण तो सरळ करायला मी पंधरा दिवस घेतले असते. तुम्ही पाच मिनिटं घेतलीत."

यावर नत्थूजींना रागावता आलं नाही आणि बरंही वाटून घेता आलं नाही. आपला डोळा खरा होता हे त्यांना ऐकायचं होतंच, पण अशा वेळी नव्हतं.

त्या दुपारी दवाखान्याच्या बाकावर दर अर्ध्या तासानं डॉक्टर येत आणि बाहेरचे दोन नट पाव फेरी मागे घेत. दर वेळी अंगठा उचलायला लावत. पहिल्या पाच वेळा अंगठा वर आला नाही. सत्यवतीबाई मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होत्या आणि मधेच त्यांची ओळ चुकत होती, असं त्यांचं कधी होत नाही. सहाव्या खेपेला अंगठा वर आला. फार नाही, गव्हाच्या दाण्याएवढा. नत्थूजींनी तो वर धरून ठेवला, खाली सोडायलाच तयार होईनात.

आठही पाव फेऱ्या मागे घेऊन झाल्यावर डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. आठ दिवस पान्याला हात लावायचा नाही. त्यानंतर चार वेळा नाही, दोनच वेळा, पहाटे आणि दिवेलागणीला. वाढायला आता दुप्पट दिवस लागतील. पाय सरळ करायची जादा फेरी ते सांगतील तेव्हाच, आणि बाहेरच्याच नटांना. माघात पुन्हा फोटो. तेव्हा बाहेरच्या अंगाची फट भरलेली नसेल तर पहिल्या दिवशी बोललो होतो तेच करावं लागेल.

दिवेलागणीला दोघं घरी आली. अंगणात खाट भिंतीकडे सरकवून ठेवली होती आणि धोतर सगळं वड्यांनी भरलेलं होतं. आठव्या ओळीच्या मधोमधून पुढे वड्या एकदम मोठ्या, वेड्यावाकड्या, कुठे दोन एकमेकींना चिकटलेल्या. प्रयागबाईंना सांधेदुखीनं हातानं नीट वडी सोडता येत नसे. त्या तुळशीपाशी दिवा लावत होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. वाळल्यावर त्या वड्या सत्यवतीबाईंनी वेगळ्या डब्यात भरल्या आणि त्या थंडीत आधी त्याच संपवल्या.

आठ दिवस पाना ताटलीत पडून होता. चार प्रहरांच्या घंटा वाजत, सत्यवतीबाईंचे हात आपसूक धुतले जात आणि मग त्या नुसत्या नत्थूजींपुढे येऊन बसत. अंगठा वर करा, म्हणत. तो वर आला की उठत. देवाजवळ त्यांनी हाड मागितलं नाही. आठ दिवस हात आवरण्याची शक्ती दे, एवढंच त्या म्हणत, आणि घरात ती गरज त्यांना एकट्यांनाच आहे असंही नाही, हे त्यांना माहीत होतं. नवव्या दिवशी पहाटे पाना लावला तेव्हा नट सहज फिरला.

नत्थूजींना आता काहीतरी काम हवं होतं, नाहीतर ते पुन्हा गादीखाली हात घालणार. सत्यवतीबाईंनी त्यांना कामाला लावलं. सकाळी अंगणात कुबडी टेकून उभं राहायचं आणि पाय किती आऊट आहे ते सांगायचं. नत्थूजींनी लगेच दोऱ्याला सायकलच्या बेअरिंगचा एक छर्रा बांधून ओळंबा केला. पायाची सावली भिंतीवर पाडून, दोरा गुडघ्याच्या मध्यावर धरून ते डोळा बारीक करत. सत्यवतीबाई कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तो आकडा लिहीत आणि पंधरा दिवसांनी ते कॅलेंडर धंतोलीला नेत. डॉक्टर ते गंभीरपणे वाचत आणि जादा फेरी द्यायची की नाही ते सांगत.

"आज सूतभर आत आला," नत्थूजी म्हणायचे.

"लिवलं."

"आनखी अर्धी फेरी देल्ली तर येते वं लाइनीत."

"मंग डॉक्टरले सांगते का, नत्थूजी म्हनून राहिले म्हनून?"

"नाई, राहू दे," नत्थूजी म्हणायचे.

पाय आखूड असताना चालायला हवं म्हणून बडकस चौकातल्या कवडूजींनी डाव्या पायाची एक चप्पल बनवली होती. टायरच्या रबराचे पाच थर एकाखाली एक, दोन इंच उंच. पाय जसा लांब होईल तसा एकेक थर काढायचा. पहिले दोन थर दहा-दहा दिवसांनी निघाले. तिसऱ्याला चोवीस दिवस लागले. सत्यवतीबाई दिसल्या की कवडूजी आरी हातात घ्यायचे, आणि त्या लांबूनच हात हलवून नाही म्हणायच्या. गल्लीतही हे सगळ्यांना कळलं होतं. थरांवरून लोक पायाचा अंदाज बांधत. एक शहाणे म्हणाले, थर निघत नाही म्हणजे आत काही होत नाही, बाई उगाच लोखंडाला कुंकू लावत बसली आहे. सत्यवतीबाईंनी ऐकलं आणि भाजी घेऊन घरी आल्या.

माघात सावनेरला भावाच्या मुलीचं, शामलाचं लग्न आलं. एकुलती भाची. राहायला या, म्हणून भाऊ स्वतः येऊन गेला. सत्यवतीबाई पहाटेची फेरी देऊन सातच्या एसटीनं गेल्या, अक्षता टाकल्या, आणि पंगत बसत असताना चारच्या एसटीला उभ्या राहिल्या. वहिनी चिडून म्हणाल्या की, एक दिवस प्रयागबाईंनी फिरवलं तर काय आभाळ पडेल? सत्यवतीबाई म्हणाल्या, पडणार नाही, पण मला जेवण जाणार नाही. वहिनींनी लाडू बांधून दिले. गाडीत त्यांनी ते मांडीवर धरले होते आणि दिवेलागणीच्या आत महालात पोचतो की नाही म्हणून दर थांब्याला सूर्य पाहत होत्या. पोचल्या. राममंदिराची घंटा त्या हात धूत असताना वाजली.

महाशिवरात्रीला आठवडा राहिला असताना तो फोटो झाला. नत्थूजींनी त्या दिवशी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, जणू कोणाला भेटायचं आहे. प्रयागबाईही आल्या, रिक्षात मावत नव्हत्या तरी आल्या.

डॉक्टरांनी फोटो काचेवर लावला. सत्यवतीबाईंनी आधी आतलं अंग पाहिलं. तिथल्या रेघा आता रेघा राहिल्या नव्हत्या, पांढरा भरीव पट्टा झाला होता. मग त्यांनी स्वतःला बाहेरच्या अंगाकडे पाहायला लावलं. वरून निघालेल्या वाती खालपर्यंत आल्या होत्या. फिकट होत्या, आतल्यापेक्षा बारीक होत्या, पण मध्ये कुठेही काळं नव्हतं. त्यांनी बोटानं हवेतच वरपासून खालपर्यंत एकेक मोजली. एकही तुटलेली नव्हती.

"पाय काढायचं मी पहिल्या दिवशी बोललो होतो," डॉक्टर म्हणाले. "ते आता विसरून जा."

प्रयागबाईंनी विचारलं की, म्हणजे पिंजरा आज निघणार का? डॉक्टर म्हणाले, नाही. हाड लांबलं आहे, कडक व्हायचं आहे. पाच महिने तरी कड्या राहतील, आणि या पाच महिन्यांत बसून राहायचं नाही, पाय टेकून चालायचं, भार पडला तरच ते कडक होईल. पाना मात्र आता नको. उकिडवं बसता येईल का, हे नत्थूजींनी विचारलंच. कड्या निघाल्यावर दोन महिन्यांनी प्रयत्न करा, डॉक्टर म्हणाले, माझ्यासमोर.

"एक डाव डॉक्टरसमोर," सत्यवतीबाई म्हणाल्या, "मंग दुकानात."

घरी आल्यावर त्यांनी पाना कोमट पाण्यानं धुतला, कोरडा पुसला. नत्थूजी अंगणात कुबडी टेकून उभे होते आणि एका हातात दोरा धरून, छर्रा स्थिर व्हायची वाट पाहत होते. छर्रा घोट्याच्या बरोबर मध्यावर थांबला. त्यांनी डोळा बारीक केला, मग दोन्ही डोळे उघडले, आणि काही न सांगता दोरा गुंडाळून खिशात टाकला. आकडा सांगितला नाही म्हणून सत्यवतीबाईंनी कॅलेंडरवर काही लिहिलं नाही.

पाना त्यांनी ताटलीत जागच्या जागी ठेवला. नटांवरचं कुंकू तसंच राहू दिलं. मग दाराआडची ती जड चप्पल उचलली. तिच्या खाली आता एकच थर राहिला होता. ऊन कलायच्या आत कवडूजींकडे जाऊन तो काढून आणायचा होता.